रकाना नववा

अर्जात नववा रकाना होता:
वाफेच्या इंजिनावरचा प्रत्यक्ष अनुभव, वर्षे, महिने.
घोरपडीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटात
कॅरमचं टेबल भिंतीला सरकवून
मी रजिस्टर उघडून बसलो.
एक जुनं इंजिन पुन्हा पेटवायचं होतं,
एका रविवारपुरतं.
साहेबांना माणसं हवी होती, खरी.

एकवीस जण आले.
गोष्टी तर सगळ्यांकडेच होत्या.
पिंगळे म्हणाले, बावीस वर्षं. कागदही होते,
लॅमिनेट केलेले, शिक्का माझ्याच हातचा.
त्या बाविसातली सोळा
ते टाइम ऑफिसात माझ्या शेजारी बसत.
मी काही बोललो नाही.

एकाने बाही सारून भाजल्याचा डाग दाखवला.
गफूरमिस्त्री वाकून बघत म्हणाले,
"हा कढईचा."

मिस्त्रींना कागद वाचायचा कंटाळा.
त्यांनी खडूने भिंतीवर भट्टीचं तोंड काढलं,
फरशीवर फूटप्लेट,
आणि बागेतलं हलकं फावडं पुढे केलं.
"शिंदवण्याचा चढ लागलाय, मागे चौदा डबे. टाका."

आणि टाकलं की सगळ्यांनी!
काय घाम, काय हुंकार,
पिंगळ्यांनी तर तोंडाने शिट्टी दिली.
हवेतला कोळसा हवेत पडत राहिला.

शेवटी सिलास पाटोळे.
कागदावर: बदली फायरमन, अकरा महिने, तेही तुटक.
बाकी जन्म खलाशी,
मग लष्करात पावाच्या भट्टीवर.
फावडं घेऊन तो नुसता उभा.
नजर भट्टीवर नाही, वर,
जिथे मिस्त्रींनी काहीच काढलं नव्हतं.

"काय झालं?"
"पाणी दिसंना."

"चढावर काच भरल्याली दिसती, मिस्त्री.
माथा वलांडून आंबळ्याकडं उतरलं
की पाणी पुढं पळतं,
भट्टीचं टाळकं उघडं पडतं.
आधी पाणी सांगा."

मिस्त्रींनी खडू उचलला.
वीतभर उभी काचनळी काढली,
खडू आडवा धरून निम्मी भरली,
थोडं थांबून आणखी दोन बोटं.
तेव्हा कुठे सिलासने पाय फाकवले.
तीन फावडी. मागच्या दोन कोपऱ्यांत दोन,
एक दाराखाली.
चौथं टाकलंच नाही,
खिडकीतून धुराचा रंग बघत राहिला.
बाहेर टपालाची लाल गाडी उभी होती.

संध्याकाळी रजिस्टर पुरं केलं.
पिंगळे, बावीस वर्षे.
पाटोळे, अकरा महिने;
किमान पाच वर्षांची अट
लाल शाईत मीच लिहिली.
माझी नोकरी एकतीस वर्षं,
सगळी दुसऱ्यांच्या मैलांची बेरीज करण्यात.

फाइल मिस्त्रींकडे गेली.
त्यांनी ती वाचली नाही,
फक्त अंगठा फिरवला असावा.
परत आली तेव्हा 'महिने' या शब्दावर
खडूचा पांढरा ठसा होता.
मी तो झटकला नाही.

हल्ली चहाला गॅस पेटवण्याआधी
भांड्यात पाणी आहे ना,
मी वाकून पाहतो.