खरं

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
हे मला एकविसाव्या वर्षी कळलं,
पुण्याच्या कंपनीतनं फोन आला तेव्हा.
म्हणालो, "मी बी.कॉम. करतो, शेवटचं सेमिस्टर.
कॉम्प्युटर येतो, खरं टॅली अजून शिकतो."
तिकडची बाई थांबली. "खरं? मग आधीचं खोटं होतं का?"
मग हळूच, "आणि करतो नाही हो, करते म्हणा."
भैरू भिंतीला टेकून ऐकत होता.
फोन ठेवल्यावर नाकातनं म्हणाला, "करतेऽ",
आणि मी त्याला कॉस्टिंगचं पुस्तक फेकून मारलो.

वडगावात मागांच्या पाठीमागं आमची खोली.
ढवळीअण्णांचे चार पॉवरलूम भिंतीपलीकडं,
पातळं विणतात रात्रभर.
पहिल्या महिन्यात डोकं उठायचं.
आता करंट गेला की दचकून जाग येते,
एवढं गप्प कोण झालं म्हणून.

लग्न चौथ्या सेमिस्टरच्या पेपरांनंतर अकराव्या दिवशी.
हॉल तिकिटावर अजून मी पाटणेकरच.
टेबल एक, खुर्ची एक. पाळी ठरलेली.
ज्याचा पेपर लांब तो तांदळाच्या डब्यावर बसतो.
भैरूचं बी.ए.चं सगळं सुटलंय,
एक कन्नड तेवढं राहिलं, दोनदा.
माझी आई घटप्रभेची, म्हणून मी मास्तर.
"हा बघ कन्नडातला ठ. गोल, आणि मधी टिंब."
"तुझ्यागत," म्हणतो, "डोळे वटारून बसलाय."
साडेअकराला सुद्धा चुका करतो माणूस, हसत.

बेळगुंदीहून सासूबाई बसवर रताळ्यांचं पोतं टाकतात.
कंडक्टर ओळखीचा झालाय,
"मुंदे होग्री, मुंदे होग्री" म्हणत दारातली गर्दी आत ढकलतो
आणि पोतं आमच्या अंगावर.
मागल्या खेपेला तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन हजार होते,
परीक्षेच्या फीचे, चिठ्ठीबिठ्ठी काय नाही.
नोटांना लाल माती. भरताना क्लार्कनं बोटं पुसली.

हिशेब कुंद्याच्या डब्याच्या झाकणावर.
आतला कुंदा दिवाळीतच संपला.
आधी तुझं बी.एड., मग माझं एम.कॉम.
हे खोडलंय.
आधी कुणाचीतरी नोकरी, खरं कुठली?
इकडं सरकारी, तर कन्नड पाहिजे.
तिकडं सरकारी, तर सीमाभागाचा दाखला,
त्यासाठी तहसीलला तीन खेपा, नाहीतर चार.
खाली कोपऱ्यात त्याच्या अक्षरात: स्कूटर, सेकंडहँड.
त्याच्या खाली माझ्या: टेबल, दुसरं.

परवा पुण्याचं पत्र आलं, मोबाईलवरच.
जूनच्या दहा तारखेला हजर व्हा.
त्याचा कन्नडचा पेपर सतरा तारखेला.
मी आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलो,
जाते. येते. राहते.
तोंडात दुसऱ्याचे दात घातल्यागत वाटलं.

रात्री जेवताना सांगितलो, "मी जातो."
तो म्हणाला, "जा की."
रताळ्याचं साल सोलत राहिला,
मग म्हणाला, "खरं..."
आणि तेवढ्यात गेलेला करंट आला,
चारी माग एकदम सुरू झाले.
ओठ हालताना दिसले. ऐकू काय आलं नाही.
पुन्हा विचारलो नाही मी,
त्यानं पुन्हा सांगितलं नाही.

सकाळी झाकणावर कन्नडात एक शब्द होता.
मुंदे लिहायचं होतं त्याला, अनुस्वार विसरलेला.
मराठीत ते नुसतं टिंब, डोक्यावर कुठंतरी बसतं.
कन्नडात तो पुरा गोल असतो,
शेजाऱ्यागत ओळीतच बसतो,
अक्षराएवढी जागा मागतो.

दोन अक्षरांच्या मधी जागा नव्हती.
लाल पेन शोधून
मी तो बसवलो, जरा दाबून.