विचाराधीन

दिल्लीहून आलेल्या लखोट्यात चार कागद.
वर राष्ट्रपती सचिवालयाचा गोल शिक्का,
त्याखाली भोपाळचा, मग आमच्याच आवकेचा,
आणि तळाला रेघांच्या वहीतून फाडलेलं
एक पान. मराठी.
समासात कुणाची तरी पेन्सिल: ‘अनुवाद सहित लौटाएँ’.

साहेब म्हणाले, बिवलकर, आपके घर में तो यही चलती है न?
चालते. आई होती तोवर
लिहितही होतो.

पत्ता: चिटणीस की गोठ, लष्कर.
माझ्या टेबलापासून सायकलने वीस मिनिटं.
पत्र दिल्ली करून आलं,
त्याला एकोणसाठ दिवस लागले.

‘रा. रा. सचिवसाहेब यांस,
राष्ट्रपतींना लिहीत नाही, त्यांना कामं असतील.
टपाल तुम्ही उघडता, म्हणून तुम्हाला.
आमच्या यांची जन्मतारीख सर्व्हिस बुकात चुकून
दोन वर्षं आधीची पडली,
दोन वर्षं आधीच घरी बसवलं.
यांनी आपल्याकडे सात अर्ज केले.
साती पोचपावत्या बिस्किटांच्या डब्यात आहेत.
शेवटच्या उत्तरात आहे, प्रकरण विचाराधीन.
हे गेल्या भाद्रपदात गेले.
स्मशानातला माणूस पावतीबुक उघडून म्हणाला, उमर?
मी खरी तीच सांगितली.
त्याने लिहून घेतली, दाखला मागितला नाही.
तरी आता विचार थांबवावा ही विनंती.
इतकी वर्षं तिकडे कुणी विचार करत बसलं असेल,
त्यालाही जीव आहे.
लोभ असावा.
द्वारका रेठरेकर’

‘कार्यवाही समाप्त की जाए’
असं लिहिलं, खोडलं.
‘विचार करना बंद करें’ लिहिलं,
ते साहेबांना उद्धट वाटलं.
‘लोभ असावा’पाशी तर चहा दोनदा निवला.
शेवटी ती ओळ गाळली.
तेवढं एक माझ्या हातून झालं.

निकालाच्या रकान्यात तीन चौकोन:
मान्य, अमान्य, अन्य विभागाकडे वर्ग.
मी चौथा काढला पेनने, लहानसा,
आणि त्यात काय लिहावं ते न सुचून
तसाच ठेवला.

उत्तर तयार झालं त्या संध्याकाळी मीच निघालो.
गोठीत आता चिटणीस आडनावाचं कुणी नाही.
ज्यांच्या बोरूवर दौलतीची पत्रं चालली
त्यांच्या गल्लीत कोचिंगच्या पाट्या,
झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, अर्जंट.

त्यांनी चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला,
मजकुराच्या आधी वरचा कोपरा पाहिला.
‘जावक क्रमांक कुठाय?’

घातला नव्हता. हातानेच तर आणलं होतं.

त्यांनी घडी होती तशीच घालून
कागद परत माझ्या हातात दिला.
‘टपालानेच येऊ द्या हो.
आठवीची जागा ठेवलीय डब्यात.
पाणी घेता?’