तिरिया

हिला इथे तिरिया म्हणतात.
वाटाण्याच्या कुळातली, पण नातं लावायला गेलात
तर हात रक्ताळून परत येईल.
पावाच्या भट्टीत पहिली काटकी हिचीच.
ठिणगी लागायचा अवकाश,
शिव्या देत तडतडते
आणि भट्टीचं छत पांढरं पडेतो थांबत नाही.

गाविनूला हे ठाऊक होतं.
ऑगस्टातली दुपार, मिस्त्राल सुटलेला.
त्याला फक्त कोवळं गवत हवं होतं
आमच्या चाळीस मेंढ्यांना, येत्या हिवाळ्यात.
आग हातून निसटली,
माजलेल्या मेंढ्याची शिंगं निसटतात तशी.

तीन दिवस.
बुचाची झाडं गेली, बोरोरेकाकांची मधाची पोळी गेली.
काकांनी भरपाईचे चार अर्ज केले,
चारही अर्जांना वाटाण्याच्या अक्षता.
आमच्या दारावरून जाताना ते अजून
मान डोंगराकडे वळवतात.

गाविनू सोळाचा होता.
रात्रीच्या बोटीने जेनोवा, तिथून जर्मनी,
कुठल्याशा टायरच्या कारखान्यात.
आईने त्याचा पेला फळीवर पालथा घातला.
नाव घेतलं नाही.
मीही नाही.

वनखात्याने पाइनची रोपं लावली, ती मेली.
आली ती ही, न बोलावता.
हिचं बी टणक कवचाचं,
म्हणे भाजल्याशिवाय त्याला जाग येत नाही.
पाचव्या वसंतात सगळा काळा उतार
पिवळाधमक.
इतका पिवळा, की बघायची लाज वाटावी.

मे महिन्यात आई कोयता घेऊन गेली, मी मागे.
फुलं झडून शेंगा धरल्या होत्या.
काट्यांच्या मधोमध तिने हात घातला,
एका शेंगेवरून अंगठा फिरवला,
मग उलटा फिरवला.
रुपेरी, मऊ लव.
कालच फुटलेलं मिसरूड जणू.

"दाढी करायला," ती म्हणाली,
"तिकडे कोणी शिकवलं असेल त्याला?"

मग झुडूप तोडलंच तिने, बुंध्यापासून.
भारा बांधला, माझ्या डोक्यावर दिला.
एक फहाळी तेवढी घरात आणली,
पालथ्या पेल्याशेजारी ठेवली.

जूनमध्ये, उकाड्याच्या एका रात्री,
शेंग तटकन फुटली.
बिया फरशीवर घरंगळत गेल्या,
कुठवर, ते ऐकू येत होतं.
आम्ही दोघी जाग्या होतो.
कोणी उठलं नाही.