टोपीचे वेगळे किती

वैजापूरच्या एसटीतून उतरलो तेव्हा
लुकस मास्तर फाट्यावरच उभे,
छत्रीच्या दांड्यानं बोलावत.
"मूर्तीला रंग द्यायचाय. सणाला अकरा दिवस राहिले."
म्हटलं, गणपती केलेत, ट्रकवरचे मोर केलेत,
बिशप नाही केला कधी.
"त्यानं बी आधी कुठं केली होती बिशपकी?
बोलावणं आलं तेव्हा गंजीत लपून बसला होता."

चर्चमध्ये गारवा. मेणाचा वास, कबुतरांची घाण.
संत गाल्देरिक, उंची साडेचार फूट,
डाव्या हाताचा अंगठा गेलेला.
बोटीनं आला, मनमाडपर्यंत रेल्वेनं,
पुढं बैलगाडीत, भुशात निजून.
आठशे वर्षांमागचा माणूस,
आणि मास्तर सांगतात असं
की परवा लासूरच्या बाजारात भेटला होता.

पॉलिशपेपर पाण्यात बुडवला.
सोनेरी निघाला, तो सरपंचाच्या पैशाचा.
त्याखाली जांभळा.
"राजानं मिठावरची पट्टी वाढवली, हा नाही म्हणाला.
अकरा वर्षं हद्दपार.
परतला तेव्हा डोळे गेलेले,
भिंत चाचपून ओळखलं त्यानं आपलं देऊळ."
जांभळ्याखाली हिरवा, चारा कापायच्या यंत्राचा असतो तसा.
"तो बहात्तरचा. दुसरा रंग मिळालाच नाही.
त्या साली ह्यानं चांदीचा प्याला विकून धान्य आणलं."
त्याच साली?
"तसल्याच साली.
लाकडी वाटीत मिस्सा केली.
त्याच्याच पाद्र्यांनी तक्रार धाडली रोमला."

सगळं चांगलंच केलं का ह्यानं?
मास्तर जरा थांबले.
"भाच्याला मठात जागा दिली होती.
लायकी नव्हती त्याची."
घंटेच्या दोरीशी मास्तरांचा भाचा
मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

हिरव्याखाली पांढरा चुना.
खाली पायाशी आलो तर जोडे निघाले.
म्हणजे, निघून गेले.
लाल जोडे कुणीतरी मागून रंगवलेले.
कारागिरानं पाय अनवाणीच घडवले होते,
टाचेला भेग, बारीक, मुद्दाम कोरलेली.

मास्तर वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले.
बोट भेगेपाशी नेलं, लावलं नाही.
"ढोरं ओढायचा ह्याचा बाप. कातडी कमवायचा.
पुस्तकात एकच ओळ आहे.
चाळीस वर्षं लेकरांना शिकवलं मी,
ती ओळ गाळून.
बाहेर ऐकतच होती लेकरं तेच, शाळेत, पाणवठ्यावर.
म्हटलं, इथं तरी
एखादा राजवाडा असू द्यावा."

मी विचारलं, जोडे करू का परत?

भाच्यानं घंटा वाजवली, भलत्याच वेळी.
कबुतरं उडाली, बसली.
मास्तर बाकावर जाऊन बसले होते,
पाय चपलेतून काढून, गार फरशीवर.

"टोपीचे वेगळे किती घेशील?"

मी सांगितले. जास्तच सांगितले.
त्यांनी घासाघीस केली नाही.