पेव

वर्गात आज कलम सोळा होतं.
जखमी, आजारी, दुर्बळ, गरोदर बायका:
यांना विशेष संरक्षण आणि आदर.
'आदर' लिहिताना खडू मोडला.
लातूरचं ऊन बाकांवर पसरलेलं.
मागून आष्टुऱ्यांचा पोरगा म्हणाला,
सर, पण हे पाळतं कोण?

मला जिनिव्हा आठवायला हवं होतं.
आठवलं मांजराकाठचं पेव,
दीड पुरुष खोल, तोंडाला फरशी,
आत जोंधळ्याची कोंदट ऊब.

सटवाबाई सुईणीचं ते.
उन्हाळ्यात रझाकार आले
तेव्हा तिनं आधी कंदील सोडला दोरीनं,
विझला नाही,
मग उतरवली तेल्याची दिवस भरलेली सून.

भादव्यात फौज आली. वारं फिरलं.
आता गावातलीच माणसं निघाली,
ओळखीच्या कुऱ्हाडी घेऊन.
पुन्हा कंदील, पुन्हा दोरी.
पिंजाऱ्याची चांदबी उतरली,
तिच्या पाठीवर आंधळा सासरा.
फरशीवर बाज टाकून
सटवाबाई सुपात दाणे घोळवत बसली.

"खाली काय हाय गं?"
"जोंधळा. उतरा, मोजून घ्या."
कुणी उतरलं नाही.
त्यातल्या दोघांची नाळ तिनंच कापली होती.

करार झाला पुढच्या वर्षी, ऑगस्टात.
तिला सही येत नव्हती,
कुणी मागितलीही नाही.

पोरगा अजून उभाच.
लिहून घ्या, मी म्हणालो.
आधी कंदील सोडायचा.