कप्पा

वॉर्ड चार, ग्वाल्हेर. डिसेंबरचं धुकं
खिडकीच्या जाळीत अडकलेलं, किल्ला दिसत नाही.
खानवलकर बाईंचा तक्ता भरायचा आहे दोघींनी,
एकाच वेळी, एकमेकींचं न बघता.

स्वतःशी बोलते : शून्य ते चार.
भदौरिया सिस्टरनं चार दिले.
मी शून्य.
बाई दिडकी म्हणत होत्या,
पाच दिडे साडेसात, सहा दिडे नऊ.
भदौरियाला मराठी येत नाही.
तिला नुसती पुटपुट ऐकू आली,
आणि पुटपुट तर होतीच.

डॉक्टर जोहरी म्हणाले, तुमचा कप्पा फार कमी येतोय.
त्यांच्या हिशेबात कप्पा म्हणजे दोघींचं एकमत.
माझ्या आईचा होता भिंतीतला,
त्यात किल्ल्या, सुटे मणी, बिब्बे,
कशाचं कशाशी जुळत नसे.

चिडचिड या रकान्यात परवा मी तीन लिहिले.
सलग दुसरी रात्रपाळी, घरी पोराला ताप.
चिडचिड वॉर्डात होती, एवढं नक्की.
भदौरियानं एक लिहिला
आणि माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

आज निघताना बाईंनी शाल सारखी करत विचारलं,
किती दिलेत मला?
शून्य! मी आनंदानं सांगितलं.
जनकगंजच्या शाळेत तीस वर्षं
पेपर तपासलेली बाई ती.
तोंड एवढंसं झालं.
एकही बरोबर नाही?

दारातून भदौरिया विचारत होती, क्या कहा इन्होंने?
मी पेनाचं टोपण शोधत राहिले.