रकाना सहावा

तहसील कचेरीसमोर, पिंपरणीच्या सावलीत
सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले.
विहिरीची नोंद, वारसाची नोंद,
बापाच्या नावातला चुकलेला काना.
'तरी मेहेरबानांनी' इथं कागद जरा वर ओढायचा,
सहीला जागा सोडायची.
माझ्या हातून जागा कधी कमी पडली नाही.

यंदा श्रावणात आमच्या गल्लीचे एकेचाळीस अर्ज मीच केले.
पैसे नाही घेतले. चहा घेतला.
रकाना सहावा : घरात पाणी किती वेळ होते.
दोन दिवस असेल तर अनुदान.
कमी असेल तर ते नुसतंच पाणी.

पंचगंगा शुक्रवारी रात्री दहाला आली,
आधी मोरीतून, पुढच्या दारानं मागनं.
रविवारी सकाळी आठला गेली.
दिलावर मुल्लाणीच्या गच्चीवर बसून मी घड्याळ बघत होतो.
सवय. तारीख-वेळ टिपल्याशिवाय मला चैन पडत नाही.
चौतीस तास.

एकेचाळीस ठिकाणी मी 'दोन दिवस' लिहिलं.
बंडा कातवरेचं शिलाई मशीन,
हौसाक्काच्या अकरा कोंबड्या,
वरच्या अंगाच्या पोरीची बारावीची वह्या-पुस्तकं.
ज्याच्या त्याच्या तोंडाकडं बघितलं की बोट आपोआप पडायचं.
सही त्यांची होती.

बेचाळिसावा कागद चार दिवस झाले मशीनवर चढवून ठेवलाय.
उद्या शेवटची तारीख.

चौतीस लिहावं तर एकेचाळीस घरं खोटी पडतात.
भिंतीला भिंत लागलेली गल्ली,
पाणी काय माझ्याच उंबऱ्यावरून लवकर उठलं?
दोन दिवस लिहावं तर खाली नाव माझं.
आणि अर्जच नाही केला तर
दीड पोतं गहू, दोन गाद्या, फ्रीज,
आणि जेवताना समोर बसलेली अनुसया.

तलाठी चौगुले आण्णा म्हणतात,
मामा, तुम्हीच असं करायला लागला तर लोकांनी कुणाकडं बघायचं?
कशाकडं बोट दाखवून म्हणतात ते कळत नाही.
दिलावर काहीच म्हणत नाही.
घड्याळ त्याचंच होतं. त्याचा अर्ज तेविसावा.

काल रात्री अनुसयानं मला कपाटामागं नेलं.
"हात लावा भिंतीला."
लावला. गार. बोटाला चुन्याचा ओला पापुद्रा आला.
"आता सांगा, किती वेळ हाय पाणी?"
अर्ज लिहायला खरं तर हिनंच बसायला पाहिजे होतं.
मी म्हटलं, रकान्यात 'होते' आहे.
'आहे'ला रकाना नाही.
ती दिवा घेऊन गेली. मी अंधारात कपाट परत सरकवलं.

मशीन पलंगावर ठेवलं होतं, पलंगच बुडाला.
रॉकेलनं धुतलं, तीन दिवस उन्हात ठेवलं,
सगळी अक्षरं परत आली,
एक 'न' तेवढा आला नाही.
नुकसान मधला पहिला, नुकसान मधला शेवटचा,
विनंती मधला,
सगळे बॉलपेनानं भरले, एकेचाळीस अर्जांत.
आणि दोन दिवस मधला.
हे आज ध्यानात आलं, पानं चाळताना.
तिथं 'दो' आहे मशीनचा
आणि 'न' माझ्या हातचा, जरा डावीकडं कललेला,
शाळेत गुरुजी मारायचे त्यावरून.
अक्षर ओळखणारा कोणी बसला
तर सही त्यांची होती हे मी कुठल्या तोंडानं सांगणार.

रद्दीच्या कागदावर टाइप करून बघितलं : चौतीस तास.
यात न लागत नाही.
एका दमात उमटलं, स्वच्छ.
खाली टाइप केलं : दो दिवस.
मध्ये जागा सोडली होती.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

आतून अनुसया विचारते, झालं का.
गल्लीत कोणीतरी अजून गाळ उपसतंय,
खोऱ्याचा आवाज फरशीवर खरवडत येतोय.

कचेरी दहाला उघडते.
दिलावर पावती घ्यायला येणार आहे.
त्याला आधी विचारतो,
गड्या, त्या रविवारी आपण खाली उतरलो तेव्हा
किती वाजले होते.